बँटम कोंबड्यांना खरंच वेगवेगळे स्वभाव असतात का? (आणि आमच्या ठमीचं काय करू?)

सकाळचं_ऊन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पाच बँटम (लहान चणीच्या) कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, तीन वर्षं होत आली. ठमी आणि मैना या दोघी डच बँटम. एकाच रवणीतल्या, एकाच दिवशी अंड्यातून निघालेल्या, वजनाने अर्ध्या किलोच्या आत. दिसायला इतक्या सारख्या की ओळख पटावी म्हणून ठमीच्या पायात निळं कडं घातलं होतं. आता कड्याची गरजच पडत नाही.

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की ठमी पहिली बाहेर. थेट माझ्या बुटाच्या नाडीवर चोच मारून दाण्यांची चौकशी. मैना दारात थबकते, मान तिरकी करून एक डोळा आभाळाला लावते, घार नाही अशी खात्री झाली की मगच खाली उतरते. कापशी (सिल्की) कुणी उचलून घेईपर्यंत जागची हलत नाही. शेवंती (पेकिन) मांडीवर झोपते. पोपटी (वायनडॉट बँटम) हाताला कधीच येत नाही, पण मी अंगणात काम करत असले की बरोबर चार पावलं मागे असते. घरचे म्हणतात हे सगळं माझ्या मनातलं, कोंबडी ती कोंबडी. मला तसं वाटत नाही. तुमचा अनुभव काय?

दुसरी गोष्ट जास्त तातडीची. ठमी खुडूक झाली (अंडी उबवायला बसू लागली) म्हणून तिला चार अंडी देऊन वेगळ्या पिंजऱ्यात बसवलं. विसाव्या दिवशी तीन पिलं निघाली. आता ती सात आठवड्यांची आहेत आणि ठमी त्यांना टोचून लांब करायला लागली, म्हणून परवा तिला परत बाकीच्यांत सोडलं. जायच्या आधी ही कळपात पहिल्या नंबरची होती. परवा पोपटीने तिच्यावर झेप घेऊन तुरा रक्तबंबाळ केला आणि बाकीच्याही धावून गेल्या. सध्या परत वेगळी ठेवली आहे. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. बघवत नाही.

दाणापाणी

ताई, आधी तुऱ्याचं बघा. रक्त पूर्ण थांबून खपली धरेपर्यंत तिला कुणात सोडू नका. लाल ठिपका दिसला की कोंबड्या तिथेच टोचत राहतात. कोमट पाण्यात थोडं मीठ घालून जखम पुसा आणि ती कोरडी राहू द्या.

मग तिचा पिंजरा त्यांच्या वावरण्याच्या जागेतच ठेवा. मध्ये जाळी हवी, म्हणजे दिसेल, ऐकू येईल, पण चोच लागणार नाही. निदान आठवडाभर. दाण्यांची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळजवळ ठेवा, शेजारी उभं राहून खायची सवय पुन्हा लागते.

निरीक्षक

स्वभावाबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्यांचं टिपण ठेवलं आणि त्यावरून १९२१ साली प्रबंध लिहिला. कोण कोणाला टोचतं याची ठरलेली उतरंड असते, हे त्याने दाखवलं. आपण ज्याला धीट, भित्री, भांडकुदळ म्हणतो त्यातला बराच भाग म्हणजे त्या कोंबडीची या उतरंडीतली पायरी. वरची कोंबडी आधी खाते, आधी बाहेर पडते, माणसाजवळ आधी येते, आणि आपल्याला ती धीट वाटते. तीच उद्या तिच्याहून दांडग्या कोंबड्यांत नेऊन सोडा, भित्री दिसेल.

ठमीचंच उदाहरण घ्या. आठ-दहा आठवड्यांपूर्वी ती राणी होती, आज भिंतीकडे तोंड करून बसली आहे. स्वभाव असा एका दिवसात बदलतो का? बदलली ती जागा. खुडूक कोंबडीचा तुरा फिका पडतो, आक्रसतो. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. इतक्या दिवसांनी, बदललेल्या तुऱ्यासह आलेली ठमी पोपटीच्या दृष्टीने नवखीच आहे.

रानवेडी

निरीक्षक, उतरंड मान्य. पण बाकीचं सगळं तिच्यात कसं बसवणार? शेवंती मांडीवर झोपते ते कोणत्या पायरीमुळे?

माझ्याकडची एक सांगते. बंडी नावाची बँटम होती. आधी ती सात जणींत तळाला होती. पुढे कळप फुटला आणि नव्या तिघींत ती सगळ्यात वर गेली. खाण्यातला तिचा मान बदलला, चाल बदलली, हे खरं. पण वेगळ्या कोनाड्यात, पालापाचोळ्याखाली, एकटीने अंडं घालायची तिची खोड तळाला असतानाही होती आणि वर गेल्यावरही राहिली. नवी वस्तू ठेवली की, बादली असो नाहीतर वीट, आधी तिच्यावर चढून बघायचं हीसुद्धा. बाकीच्या दोन-दोन दिवस त्या विटेला वळसा घालून जायच्या. मी स्वभाव म्हणते तो हा.

खुडूक_मन

+१ रानवेडी.

@सकाळचं_ऊन, मुळात ठमीला वेगळं करायलाच नको होतं असं माझं मत. माझ्याकडे खुडूक कोंबडी कळपातच बसते, पिलंही तिथेच निघतात. आई जागेवरच असते, त्यामुळे तिचा मान जात नाही. शिवाय पिलांवर नजर वाकडी करणाऱ्याला ती अशी काही फुलून सामोरी जाते की तिप्पट मोठी कोंबडी मागे सरते. सहा-सात आठवड्यांनी कुणाला कुणाशी नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही.

दाणापाणी

खुडूक_मन, जागा ऐसपैस असेल तर ठीक. माझ्याकडे तसं केलं तेव्हा बाकीच्या कोंबड्या तिच्याच घरट्यात घुसून अंडी घालायच्या. दहाव्या दिवशी तिच्याखाली सोळा अंडी होती, कोणतं कधीचं काही कळेना, ढकलाढकलीत चार फुटली. शेवटी दोनच पिलं निघाली आणि त्यातलं एक दुसरीने टोचून मारलं. त्यानंतर मी कायम वेगळं बसवते. परत मिसळताना आठ दिवस कष्ट पडतात, ते पत्करले.

खुडूक_मन

हे वाईट झालं. मी अंड्यांवर पेन्सिलने खूण करते आणि रोज संध्याकाळी बिनखुणेची काढून घेते, पण रोज बघणं जमायला हवं हे खरं.

खुडूकपणावरून आठवलं. आमची दगडी (नाव तसंच पडलं) वर्षातून चारदा खुडूक होते. अंडी नसली तर गोल दगडावर, एकदा तर चक्क उलट्या वाटीवर बसली होती. हात घातला की फुगून दुप्पट होते आणि जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज काढते. पिलं नको असतील तेव्हा तिला खालून जाळी असलेल्या, गवत न घातलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवते, दाणापाणी भरपूर देऊन. पोटाखालून वारा लागला, ऊब गेली की खुडूक उतरते. पाण्यात बुडवायचा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका, जीव घाबरतो नुसता.

पीसपिसारा

स्वभावाच्या वादात माझी भर. माझी सिल्की, फुलवा, अतिशय घाबरट. पान पडलं तरी दचकायची, हात लावला की किंचाळायची, बाकीच्यांच्या धक्क्याने कोलमडायची. दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत होते, स्वभावच भित्रा आहे तिचा. मग एका जाणत्या बाईंनी तिला हातात घेतलं, डोक्यावरच्या पिसांचा गोंडा मागे सारला आणि म्हणाल्या, "अगं, हिला दिसत कुठे काय?" डोळ्यांवर आलेली पिसं आम्ही बोथट टोकाच्या कात्रीने कापली (नवी फुटणारी, मुळाशी रक्त असलेली पिसं सोडून). दुसऱ्याच दिवशी फुलवा भिंतीवरचे किडे टिपत होती. आठवड्याभरात माझ्या खांद्यावर.

दीड वर्ष ती अर्धी आंधळी जगत होती आणि मी त्याला स्वभाव म्हणत होते, याचं आजही वाईट वाटतं. म्हणून गोंडेवाली कोंबडी भित्री वाटली तर आधी तिचे डोळे उघडे आहेत का बघा. @सकाळचं_ऊन, कापशी उचलून घेईपर्यंत हलत नाही म्हणालात ना? तिचाही गोंडा तपासा.

सकाळचं_ऊन

पीसपिसारा, वाचल्या वाचल्या उठून गेले. डावा डोळा पूर्ण झाकलेला आहे. उद्या सकाळी उजेडात कापते. मनापासून आभार.

नवाखुराडा

अगदी प्राथमिक प्रश्न विचारतो. बँटम म्हणजे एक जात की लहान कोंबडीला सरसकट बँटम म्हणतात? मला तीन-चार पाळायच्या आहेत, जागा थोडी आहे.

मोडीवाचक

नावाची गोष्ट मजेदार आहे. जावा बेटावर बांतेन नावाचं बंदर, युरोपी खलाशी त्याला बँटम म्हणत. तिथे जहाजावर घ्यायला मिळणाऱ्या लहानखुऱ्या कोंबड्यांना त्या बंदराचं नाव चिकटलं आणि पुढे जगभरच्या छोट्या कोंबड्यांना तेच लागू झालं. मुष्टियुद्धातला बँटमवेट गट याच कोंबड्यांवरून आला, लहान अंगाचा पण लढाऊ म्हणून. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात उंचीची अट होती पाच फूट तीन इंच. त्यात न बसणाऱ्या धडधाकट माणसांच्या वेगळ्या पलटणी १९१४ पासून उभ्या राहिल्या, त्यांनाही बँटम पलटणीच म्हणत.

सेब्राइटवेडा

@नवाखुराडा, ढोबळमानाने दोन गट. काही मुळातच लहान, त्यांची मोठी आवृत्ती नाहीच: सेब्राइट, डच, जपानी चाबो, मलेशियातली सेरामा. सेरामा सगळ्यांत लहान, पूर्ण वाढलेली अर्ध्या किलोच्या आत. दुसऱ्या गटात मोठ्या जातींच्या लहान केलेल्या आवृत्त्या: वायनडॉट, ऑर्पिंग्टन, ब्रह्मा वगैरे. पहिल्यांदाच पाळताय तर पेकिन घ्या, शांत असतात. फक्त पायांवर पिसं असतात त्यामुळे चिखल चालत नाही, जागा कोरडी हवी. डच आणि सेब्राइट उडण्यात तरबेज, वरून जाळी नसेल तर संध्याकाळी झाडावर शोधावं लागेल.

चाबो दिसायला गोड, पण एक गोष्ट माहीत असू द्या. त्यांचे आखूड पाय एका जनुकामुळे असतात आणि आई-बाप दोघांकडून तो जनुक आला तर पिलू अंड्यातच मरतं. आखूड पायाच्या जोडीची सरासरी पाव अंडी अशी वाया जातात. मला पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं. उबवण यंत्रात काही चुकतंय असं समजून मी महिनाभर तापमान तपासत बसलो होतो. आखूड पायाचा कोंबडा आणि लांब पायाची कोंबडी अशी जोडी लावली तर हे टळतं.

माझा जीव मात्र सेब्राइटवर. प्रत्येक पिसाला काळी रेघ, जणू कुणी बसून बोरूने काढलीय. सर जॉन सेब्राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात घडवली. यात कोंबड्यालाही कोंबडीसारखीच पिसं येतात, लांब वळलेलं शेपूट नाही की मानेवर टोकदार पिसं नाहीत. त्याच्या कातडीत नर संप्रेरकाचं मादी संप्रेरक होतं, म्हणून. पण चालताना छाती अशी पुढे काढतो की पिसांकडे बघून कुणी फसणार नाही! फक्त मॅरेक्स या रोगाची लस पिलू अंड्यातून निघाल्याच्या पहिल्याच दिवशी टोचून घ्या. सेब्राइट आणि सिल्की या रोगाला फार लवकर बळी पडतात. माझी दोन तलंगं (तरुण कोंबड्या) त्यात गेली. एक पाय पुढे, एक मागे ताणून पडायची. ते पुन्हा बघायचं नाही.

नवाखुराडा

खूप आभार. जागा किती लागेल? आणि कोंबडा ठेवला तर शेजारी वैतागतील का?

दाणापाणी

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकी दोन चौरस फूट, बाहेर त्याच्या दुपटीहून कमी नको, जास्त दिली तर भांडणं कमी होतात. वरच्या बाजूला वारा खेळायला झडप हवी, झोताचा वारा अंगावर मात्र नको. जाळी अर्ध्या इंची, जाड तारेची, जोडकाम केलेली. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. हे मी एका रात्रीत तीन कोंबड्या गमावून शिकले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

अंडी साधारण ३० ते ४० ग्रॅमची, म्हणजे मोठ्या अंड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. अंड्यांच्या हिशेबासाठी बँटम घेऊ नका. सोबतीसाठी घ्या.

निरीक्षक

कोंबड्याचं: वैतागतील. आवाज मोठ्या कोंबड्यापेक्षा बारीक असतो पण टोकदार. खुराड्यात पूर्ण अंधार ठेवला तरी पहाट त्याला कळते. जपानमध्ये नागोया विद्यापीठात २०१३ साली दाखवलं गेलं की मंद उजेडात कायम ठेवलेले कोंबडेसुद्धा आतल्या घड्याळाप्रमाणे आरवतात. पुढच्या, २०१५ च्या अभ्यासात दिसलं की पहाटे पहिला आरवायचा मान सगळ्यात वरच्या कोंबड्याचा, बाकीचे पायरीप्रमाणे त्याच्यामागून. पुन्हा उतरंडच, रानवेडी!

रानवेडी

हो, पण वरच्या नंबरचा कोंबडा कोंबड्यांशी कसा वागतो ते कोंबड्यागणिक वेगळं असतं. माझा आधीचा कोंबडा किडा सापडला की चोचीने उचलायचा, टाकायचा, "टुक टुक टुक" करून कोंबड्यांना बोलवायचा आणि स्वतः एक घास न खाता उभा राहायचा. आत्ताचा बोलावतो, कोंबडी धावत येते, आणि तेवढ्यात हा स्वतःच गिळून मोकळा.

निरीक्षक

त्याच्यावरही काम झालं आहे. कोंबडी लांब असेल तर खाण्यासारखं काही नसतानाही कोंबडे ती हाक देतात. जवळ असेल तेव्हा तसं फारसं करत नाहीत, लबाडी लगेच उघडी पडते. इशाऱ्याच्या हाकाही दोन वेगळ्या: वरून येणाऱ्या धोक्याला एक लांब, बारीक आवाज, जमिनीवरच्या धोक्याला तुटक कलकलाट. पहिली ऐकली की कोंबड्या दबून बसतात, दुसरीला मान ताणून उभ्या राहतात. ही हाक ओळखायला शिका, घार तुमच्याआधी त्यांना दिसते.

तुमचे दोन कोंबडे वेगळे वागतात हे मी नाकारत नाही. मी फक्त इतकंच म्हणतो की आधी डोळे, तब्येत, पायरी आणि जात ही चार कारणं बाजूला काढा. फुलवाची गोष्ट वाचून माझं हे मत आणखी पक्कं झालं.

पीसपिसारा

आणि ती चार काढल्यावर जे उरतं, त्याच्यासाठीच तर आम्ही पाळतो हो.

उन्हातली_अंघोळ

वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. माझ्या तिघी दुपारी एकाच खड्ड्यात धुळीत लोळतात. जागा एकीपुरतीच असते, तरी तिघी एकमेकींवर चढून, पंख पसरून, डोळे मिटून. त्यातली एक जण आधी पूर्ण खड्डा उकरते आणि बाकीच्या दोघी आयत्या येऊन बसतात. रोज तीच उकरते. उतरंडीत ती मधली आहे, ना वर ना खाली. तिला कदाचित उकरायलाच आवडत असेल. कोरडी माती आणि थोडी राख असली की उवा-पिसवांचा त्रासही कमी राहतो.

सकाळचं_ऊन

आठव्या दिवशीचा वृत्तान्त. ठमीच्या तुऱ्याची खपली पडली. जाळीशेजारी पोपटी आणि ठमी आता भांड्याला भांडं लावून खातात. पहिले तीन दिवस पोपटी जाळीवर उड्या मारत होती, चौथ्या दिवशी कंटाळली. कापशीचा गोंडा कापला. ती परवा स्वतःहून पायऱ्या उतरून खाली आली, तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

ठमीला सोडताना आणखी काय काळजी घेऊ?

दाणापाणी

एकटीला सोडू नका, मैनेला आदल्या दिवशी तिच्या पिंजऱ्यात सोबतीला द्या आणि दोघींना एकदम सोडा. दाण्यापाण्याची भांडी दोन-दोन, लांब लांब. लपायला एखादं खोकं, पण दोन्ही बाजूंनी उघडं, नाहीतर कोंडीत सापडते. संध्याकाळी अंधार पडल्यावर तिला दांडीवर बसवा, रात्री कोंबड्या भांडत नाहीत. सकाळी उजाडायच्या आत मात्र तुम्ही तिथे हव्यात. थोडी टोचाटोची होणारच, मध्ये पडू नका. रक्त आलं तरच उचला.

खुडूक_मन

आणि पोपटीला रागावू नका. तिने जागा मिळवली आहे, ती सोडणार नाही.

सकाळचं_ऊन

मंडळी, काल बारावा दिवस. दाणापाणीताईंनी सांगितलं तसंच केलं. परवा रात्री ठमीला मैनेशेजारी दांडीवर बसवलं. काल पहाटे साडेपाचपासून मी खुराड्याबाहेर स्टुलावर. पोपटीने दांडीवरच दोनदा टोचलं, ठमीने मान खाली घातली, विषय संपला. दिवसभरात आणखी चार-पाच वेळा पिटाळलं, पण झेप नाही, रक्त नाही. दाण्यांवर आता पहिली पोपटी, मग शेवंती, ठमी तिसरी.

निरीक्षक, तुमच्यासाठी खास टिपून ठेवलंय. मी दार उघडलं तेव्हा पहिली बाहेर कोण आली माहितीय? ठमी! पोपटीच्या पायांखालून वाट काढून आली, बुटाच्या नाडीवर चोच मारली, तेवढ्यात पोपटीने येऊन तिला हाकललं. आज सकाळी पुन्हा तेच. हाकलली जाणार हे ठाऊक असूनही पहिली आलीच. आणि मैना दारात उभी राहून आभाळ तपासत होती.

निरीक्षक

पायरी उतरली आणि दारातून पहिली येणं तसंच राहिलं, म्हणजे ते पायरीमुळे नव्हतं. ठमीपुरतं मी मान्य करतो. रोजचा क्रम लिहीत राहाल का? महिनाभर. कोण कितवी बाहेर आली आणि दाण्यावर कितवी होती, दोन वेगळे रकाने.

रानवेडी

मीपण आजपासून लिहिते. माझ्याकडे नऊ जणी आहेत.

नवाखुराडा

माझं खुराडं तयार झालं. तीन पेकिन तलंगं पुढच्या आठवड्यात येत आहेत. रकाने पहिल्याच दिवसापासून ठेवीन. @सकाळचं_ऊन, ठमीच्या पिलांचं काय?

सकाळचं_ऊन

वही केली आहे. पिलं शेजारच्या पिंजऱ्यात मजेत आहेत, अजून महिनाभर तरी तिथेच ठेवेन. आज सकाळी त्यातल्या एकाने मान लांब करून, डोळे मिटून काहीतरी आवाज काढला. दाराच्या कडीसारखा. सुभेदार, म्हणजे आमचा कोंबडा, खाता खाता थांबला आणि बराच वेळ त्या पिंजऱ्याकडे बघत राहिला.